कोसला

नमस्कार, श्रोतेहो. आज एकाच जुन्या शब्दाविषयी बोलायचं आहे. कोसला. अळी स्वतःभोवती धागा गुंडाळत जे घर बांधते, ते कोसला. पाठ्यपुस्तकात 'कोष' असतो, पण कोसला म्हटलं की बोटांना ते टणक घर जाणवतं. विदर्भात त्यालाच कोसा म्हणतात, आणि त्याच्या टसर रेशमाची ती कोसा साडी.

गडचिरोलीतल्या आरमोरीला एका मावशींच्या ओसरीवर कोसल्यांच्या माळा टांगलेल्या होत्या. ऐनाच्या झाडावर वाढवलेले, लहानशा अंड्याएवढे. मावशींनी एक माझ्या कानाशी हलवला. आत टकटक झाली. "जित्ता आहे," त्या म्हणाल्या. धागा काढायचे कोसले सोड्याच्या पाण्यात उकळायचे होते, माळेतले बियाण्याचे, पुढच्या अंड्यांसाठी जिवंत राखलेले. निघताना त्यातला एक माझ्या तळहातावर ठेवून म्हणाल्या, "पाणी आल्याबिगर खोलू नको, बाबू."

घरी तो पुस्तकांच्या फळीवर ठेवला. मार्च, एप्रिल, मे. दोनदा कात्री हातात घेतली, दोनदा ठेवून दिली. जूनच्या पहिल्या पावसानंतर, एका रात्री, कोसल्याच्या टोकाला ओल दिसली. पतंग आपल्याच लाळेनं धागे मऊ करत होता, मग ते बाजूला सारून बाहेर आला. श्रोतेहो, आतून उघडला त्यानं, आतूनच! प्रत्येक पंखावर एक गोल पारदर्शक खिडकी. या जिवाला खाण्याजोगं तोंडच नसतं. पंख वाळवत तो तासन्‌तास बसला आणि पहाटेआधी उडून गेला.

  

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात, देहालाच 'मी' समजणाऱ्याबद्दल माउली म्हणतात, "कोशकीटकाचिया परी । तो आपणया आपण वैरी ।" आपणच विणलं, आपणच अडकलो. भालचंद्र नेमाड्यांनी १९६३ साली आपल्या कादंबरीला हेच नाव दिलं, कोसला. गावाकडून पुण्याला शिकायला आलेल्या त्या पांडुरंगाला दुसरं नाव शोभलंच नसतं. पण मी ती रात्र पाहिली आहे, म्हणून मला या शब्दात नुसती कोंडी ऐकू येत नाही. वाट पाहणंही ऐकू येतं.

तो कोसला अजून फळीवर आहे. हलवला की बारीक खुळखुळतो. आत पतंगाची टाकलेली कात आहे.