मारुती ८०० चं इंजिन घरी बांधताय? आधी नीट धुवा

नमस्कार मंडळी. हे टेबलावर जे सगळं पसरलंय ना, ते मारुती ८०० चं इंजिन आहे. एफ-एट-बी, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटरवालं. आज हे धुवायचं आणि परत बांधायचं. आणि आधीच सांगतो, व्हिडिओचा बराचसा वेळ धुण्यातच जाणारय, ज्याला नुसता पिस्टन आत सरकताना बघायचाय त्यानं खुशाल पुढं ढकलावं, पण मग महिन्याभरात इंजिन खडखडायला लागलं तर माझ्याकडं यायचं नाय.

घरी शिकायला हेच इंजिन का घेतलं? कारण ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात आली आणि २०१४ च्या जानेवारीत बनायची बंद झाली, हेच इंजिन ओम्नीतही होतं, त्यामुळं पार्ट अजून मिळतात, पुण्यात नाना पेठेत जावा नाहीतर आपल्या कोल्हापुरात विचारा. आत काय फार भानगडही नाही. ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला खालचा भाग, लोखंडी, त्यावर बसणारं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, वर एक कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), एका सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह, आणि कॅम फिरवायला बेल्ट. बास.

आता धुण्यावर एवढा जोर का. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणारा मुख्य दांडा, आणि त्याला धरणाऱ्या बेअरिंगच्या शेलमध्ये, म्हणजे अर्धगोल पातळ पट्टीमध्ये, जी फट असते ना, ती मिलिमीटरचे दोन-चार शतांश. आपला केस त्याहून जाड असतो. त्या फटीत ऑइल प्रेशरनं जातं आणि क्रँक त्या ऑइलवर तरंगत फिरतो, धातूला धातू लागतच नाही, निदान लागू नये. तिथं वाळूचा एक कण गेला, होनिंगची, म्हणजे सिलिंडर आतून घासतानाची, भुकटी गेली, की तो कण मऊ शेलमध्ये रुतून बसतो आणि क्रँकला ओरखडे काढत बसतो. म्हणजे तुम्ही पिस्टनला नवीन रिंगा घातल्या, नवीन शेल घातले, महागातलं ऑइल ओतलं आणि आत कचरा ठेवला, तर ते सगळे पैसे गटारात. जुनं न खोललेलं इंजिन एकवेळ बरं चालतं, पण खोलून नीट न धुतलेलं इंजिन लई वाईट.

बरं, धुवायचं कशानं. पूर्वी सगळे रॉकेल वापरायचे, आता रॉकेल मिळतंय कुठं, म्हणून डिझेल. पेट्रोल नको. पटकन वाळतं, छान स्वच्छ निघतं, सगळं खरं, पण त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि घराच्या मागच्या पडवीत दहा पावलांवर गॅसची शेगडी असते, कुणीतरी चहा ठेवायला गेलं की संपलं. डिझेल, जुना टूथब्रश, बाटली धुवायचा ब्रश, पत्र्याचा ट्रे, हातात ग्लोव्हज. आणि ते काळं डिझेल, जुनं ऑइल गटारीत ओतायचं नाही भावांनो, आपली गटार शेवटी पंचगंगेलाच मिळते. कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्या भंगारवाल्याला द्या.

दुसरी गोष्ट कॉस्टिक. काही ठिकाणी गरम कॉस्टिक सोड्याच्या टाकीत सगळं बुडवतात. लोखंडी ब्लॉकला चालतं, अगदी चकाचक निघतो. पण हेड त्यात टाकलं तर कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खातं, बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे असतात, आणि हेडचा सपाट भाग खरबरीत होऊन बसतो. त्यामुळं ब्लॉक बाहेर धुवायला दिला तर हेड, पिस्टन, टॅपेट कव्हर घरी ठेवून घ्या, सरळ पिशवीत भरून कपाटात ठेवा, म्हणजे कुणी उत्साहानं टाकणार नाही.

आता हेड घेऊ. अरे कॅमेरा जरा खाली घे, हां, इथं. ही काजळी बघा, व्हॉल्व्हच्या तोंडाशी. ही लाकडाच्या नाहीतर प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडायची. पोलादी पट्टीनं अ‍ॅल्युमिनियमवर एक ओरखडा गेला की गॅस्केट तिथूनच गळणार. आणि ते ड्रिलला लावायचे खरबरीत डिस्क मिळतात ना, जुनं गॅस्केट दोन मिनिटांत उडवणारे, ते या घरात नको. त्याच्यात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साईडचे कण असतात, म्हणजे घासायचा दगडच की तो, ते उडून ऑइलच्या वाटेत बसतात. जनरल मोटर्सनं तिकडं अमेरिकेत आपल्या मेकॅनिक लोकांसाठी याबद्दल सूचनाच काढली होती, की हे वापरू नका, बेअरिंग जातात. गॅस्केट रिमूव्हर लावा, अर्धा तास थांबा, घाई कसली आहे, घरचंच काम आहे.

व्हॉल्व्ह काढताना पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात नंबर टाकून ठेवायचे. ज्या सीटवरचा व्हॉल्व्ह त्याच सीटवर परत गेला पाहिजे. मग ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासायचे, दांडीला रबरी कप असतो, दोन्ही तळहातांत धरून रवी घुसळल्यासारखं फिरवायचं, मधेमधे उचलून जागा बदलायची. सीटवर चहूबाजूंनी सारखी राखाडी रेघ आली की झालं. पण ही पेस्टसुद्धा घासायचाच माल आहे, ती गाइडमध्ये, म्हणजे दांडी सरकते त्या नळीत, राहिली तर व्हॉल्व्हची दांडी खाणार. म्हणून हेड परत धुवा, हो परत, कंटाळा आला तरी. मग व्हॉल्व्ह बसवून हेड आडवं ठेवून पोर्टमध्ये (हवा ये-जा करायच्या भोकात) थोडं डिझेल ओता आणि पेट्रोल जळतं त्या खोलगट बाजूकडून बघा, पाझरत नाही ना.

हेड वाकलंय का ते बघायला सरळ स्टीलची पट्टी आणि फिलर गेज, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्या. पट्टी आडवी, उभी, तिरपी सगळीकडून धरून बघायची. ०.०५ मिलिमीटरची पाती आत शिरत असेल तर हेड लेथवाल्याकडं. ज्यांची गाडी कधीतरी पाण्यावाचून तापली असेल त्यांचं हेड बहुतेक वाकलेलं असतंच. आणि आपल्याकडं अर्ध्या गाड्या आयुष्यभर नळाच्या पाण्यावर चालल्यात, कूलंट कुणाला माहीत, त्यामुळं ब्लॉकच्या डमी (भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या टोप्या) काढून आतला गंज एकदा बघा, चिखल निघतो चिखल. डमी नवीन घाला, स्वस्त असतात.

बोअरचं, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचं, काम घरचं नाही, हे आधीच मान्य करून टाका. आपल्याकडं कोल्हापुरात उद्यमनगर आहे, तिथं मोजून देतात, बोअर करून होनही करून देतात. मूळ बोअर ६८.५ मिलिमीटरचा. झिजला असेल तर ०.२५ किंवा ०.५० ओव्हरसाईज पिस्टन. फक्त एक करा, पिस्टन आधी विकत घ्या आणि ते हातात घेऊनच मशीनवाल्याकडं जावा, म्हणजे तो पिस्टन मोजून त्या मापानं बोअर करेल. पुष्कळ लोक उलटं करतात.

मशीनवरून ब्लॉक आला की वरनं चकचकीत दिसतो आणि माणूस फसतो. होनिंगच्या त्या तिरप्या रेघांत बारीक भुकटी अडकलेली असते आणि ती डिझेलनं निघत नाही, डिझेल तिला अजून आत बसवतं. तिथं लागतं गरम पाणी आणि भांडी घासायचा साबण. हो, साधा लिक्विड साबण. ब्रशनं घासा, धुवा, परत घासा. मग पांढऱ्या फडक्याला स्वच्छ ऑइल लावून बोअर पुसा, फडकं राखाडी झालं की परत साबण. फडकं पांढरंच निघालं की थांबा. आणि थांबा म्हणजे चहाला जायचं नाही, कच्चं लोखंड ओलं ठेवलं की डोळ्यांदेखत तांबारतं, पावसाळ्यात तर विचारूच नका, कोकणात मुंबईत काम करणाऱ्यांनी तर लगेच हवा मारून ऑइलचा हात फिरवायचा.

क्रँकमध्ये तिरपी भोकं असतात, एका जर्नलकडनं (बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) दुसऱ्या जर्नलकडं ऑइल न्यायला. बाहेरून क्रँक आरशासारखा आणि आत वर्षानुवर्षांचा गाळ, असं हमखास असतं. बारीक ब्रश आरपार घाला, डिझेल मारा, कॉम्प्रेसरची हवा मारा, डोळ्यांवर गॉगल लावून. एका भोकातून मारलेली हवा दुसऱ्यातून बाहेर आली पाहिजे. ब्लॉकमधल्या ऑइल गॅलरीचंही, म्हणजे ऑइलच्या वाटांचंही, तेच. ऑइल पंपाच्या खालची जाळी तर नुसती पुसून चालणार नाही, उजेडाकडं धरून बघा.

आणि हेडच्या बोल्टची भोकं. ही गोष्ट कुणी सांगत नाही. ब्लॉकमधली ही भोकं खालून बंद असतात. त्यात ऑइल नाहीतर पाणी साचलेलं राहिलं आणि वरनं बोल्ट आवळला तर पाणी दबत नाही, मग दबतं कोण? ब्लॉक फुटतो. शिवाय टॉर्क पाना, म्हणजे ठरलेला जोर लागला की वाजणारा पाना, खटकन वाजतो, तुम्हाला वाटतं बोल्ट बसला, आणि हेड सैलच. हवा मारून, काडीला फडकं गुंडाळून, भोकं कोरडी करा.

चला, आता बांधू. चिंध्या उचला, टेबल पुसा, फरशीवर पाणी मारा म्हणजे धूळ उडणार नाही. फॅन बंद. गरम होईल, होऊ दे.

मेन बेअरिंगचे शेल कोरड्या जागेत बसवायचे, मागच्या बाजूला ऑइल नको, पुढच्या बाजूला भरपूर, पण ते फट मोजून झाल्यावर. शेलचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर आलंय ना बघा. फट मोजायला प्लास्टिगेजचा दोरा मिळतो, कोरड्या जर्नलवर ठेवायचा, कॅप (बेअरिंगचं झाकण) टॉर्कला आवळायची, क्रँक अजिबात फिरवायचा नाही, परत खोलून दोरा किती चपटा झाला ते पाकिटावरच्या पट्टीशी ताडून बघायचं. माप मॅन्युअलमध्ये असतंय, मॅन्युअल घ्या, अंदाजपंचे टॉर्क सांगणाऱ्या माणसांपासून लांब राहा, मीपण त्यातच आलो. माप जुळलं की दोरा पुसून, ऑइल लावून, कॅप पक्क्या. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हातानं फिरवून बघायचा. जी कॅप आवळल्यावर जड झाला तिथंच थांबायचं.

रिंगा पिस्टनवर चढवायच्या आधी एकेक रिंग बोअरमध्ये घालून पिस्टननं सरळ ढकलून टोकांमधली फट बघा. जुना हिशोब असा की बोअरच्या दर इंचाला चार हजारांश इंच, म्हणजे आपल्या बोअरला पाव मिलिमीटरच्या जरा वर, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा. फट कमी असेल तर इंजिन तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते. रिंगेवर खूण असते ती वरच्या बाजूला. टोकं एका रेषेत नकोत, फिरवून ठेवा. पिस्टनच्या डोक्यावरचा बाण पुलीच्या बाजूला.

कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांवर रबरी पाइपचे तुकडे चढवा, नाहीतर आत जाताना बोल्ट क्रँकला ओरखडा मारणार आणि आपण सकाळपासून जे केलं ते पाण्यात. रिंग कंप्रेसर, म्हणजे रिंगा दाबून धरणारा पट्टा, घट्ट, मग पिस्टन हातोडीच्या लाकडी दांड्यानं हळू हळू. अडकलं तर जोर नाही लावायचा, रिंग बाहेर निसटलेली असते, काढा आणि परत बसवा. एका रॉडची कॅप दुसऱ्याला कधीच नाही.

ऑइल पंप बसवताना त्याच्या दात्यांमध्ये व्हॅसलिन भरा, म्हणजे पहिल्या फेऱ्यांत पंप कोरडा फिरत नाही, लगेच ऑइल ओढतो. चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला, सिलिकॉन लावताना, आपल्याकडं सगळे अनाबॉन्डच म्हणतात त्याला, पातळ रेघ. जाड लावलं की बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आत पण लोंबतं, ते तुटून जाळीत जाऊन बसतं.

हेड गॅस्केट कोरडं. वरनं ग्रीस नको, शेलॅक नको. बोल्ट मधल्यापासून बाहेरच्याकडं, तीन टप्प्यांत. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या साधारण दुप्पट फुगतं, हेड आणि ब्लॉक वेगवेगळे सरकतात, म्हणून हा क्रम आणि हा टॉर्क, उगाच नाटक नाही ते. टायमिंग बेल्ट नवाच, खुणा जुळवा, मग पान्यानं क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या हातानं फिरवून खुणा परत बघा. कुठं ठेचलं तर सेल्फ मारायचा नाही. टॅपेटची (व्हॉल्व्हच्या वरची) फट फिलर गेजनं, इंजिन थंड असतानाची आणि गरम असतानाची मापं वेगळी असतात ते लक्षात ठेवा. प्लगच्या वायरी सिलिंडर पेटायच्या क्रमानं, १-३-२.

ऑइल भरलं, कूलंट भरलं, प्लग काढूनच ठेवलेत आणि कॉइलची वायरही काढलीय. आता सेल्फ थोडा थोडा मारायचा. डॅशवरचा ऑइलचा लाल दिवा विझतोय का बघा. अरे दिवा दाखव की, माझं तोंड काय दाखवतोस. हां, विझला. आता प्लग लावून सुरू केलं की अर्धा तास आयडलला फुरफुरत ठेवायचं नाही, नवीन रिंगा त्यानं बसत नाहीत, बोअर चकाकून जातो. गळती बघायची, कूलंट बघायचं, आणि गाडी बाहेर काढून हलक्या लोडवर स्पीड कमी-जास्त करत चालवायची. पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरच्या आतच बदला, आणि ते टाकून द्यायच्या आधी ट्रेमध्ये चुंबक फिरवून बघा काय लागतंय. फिल्टर कापून दाखवायचा व्हिडिओ तेव्हाच करू, तोवर कार्बोरेटर खोलायला घेतलाय.