पिक्चर न बघताच डार्थ व्हेडर कसा माहीत असतो?

नमस्कार मंडळी. कमिटीने मला दहा मिनिटं दिलीत आणि त्यानंतर लगेच जेवण आहे, त्यामुळे अकराव्या मिनिटालाही मी इथेच उभा असलो तर माझं काय होईल याची मला पूर्ण कल्पना आहे. विषय माझ्यावर सोडला होता, आणि मी सायन्स फिक्शनशिवाय दुसरं काही बोलणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे कोणी विचारायच्या भानगडीतही पडलं नाही.

तर गणपतीतला आपला फॅन्सी ड्रेस आठवा. दोन-तीन शिवाजी महाराज, एक झाशीची राणी, एखादा छोटा वारकरी, आणि काळ्या कपड्यातला एक डार्थ व्हेडर, म्हणजे 'स्टार वॉर्स' या अंतराळातल्या पिक्चरमधला काळ्या मुखवट्याचा व्हिलन. त्याला मी विचारलं, काय रे, पिक्चर बघितलास का? नाही म्हणाला. पण श्वास मात्र बरोब्बर त्याच्यासारखा ओढत होता! आता दुसरीकडे निळ्या माणसांचा 'अवतार' बघा, २००९ चा, जेम्स कॅमेरॉनचा. जगभरात जवळजवळ २.९ अब्ज डॉलर कमावले त्याने, कमाईत त्याच्या पुढे कोणी नाही, आपल्यापैकी निम्म्यांनी तरी तो चष्मा लावून थ्रीडीत बघितला असेल. पण त्यातल्या हिरोचं नाव सांगा बघू पटकन. आणि फॅन्सी ड्रेसमध्ये निळा म्हणून एकच जण आला होता, तो कृष्ण होता.

माझं म्हणणं असं की पिक्चर लोकांच्या मनात राहतो का, हे तिकिटं किती खपली यावर ठरतच नाही. बघितलेलं घरी नेऊन त्याचं काही करता येतं का, त्यावर ठरतं. पोराला काठी मिळाली की लाइटसेबर, म्हणजे 'स्टार वॉर्स'मधली प्रकाशाची तलवार, झाली आणि तोंडाने व्हूंऽऽ व्हूंऽऽ केलं की काम झालं. हा आवाज बेन बर्ट नावाच्या साउंड डिझायनरने प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची गुणगुण मिसळून बनवला, आणि व्हेडरचा श्वास पाण्याखाली पोहणारे डायव्हर वापरतात त्या श्वास घ्यायच्या उपकरणातून रेकॉर्ड केला. दोन्ही आवाज पाच वर्षांच्या मुलाला तोंडाने काढता येतात, आणि माझ्या मते यातच अर्धी लढाई जिंकली गेली. 'अवतार'चं जंगल कितीही सुंदर असलं (मला आवडलं होतं, उगाच मारायला धावू नका) तरी ते पडद्यावरच राहतं, चष्मा परत केला की संपलं.

'स्टार वॉर्स' २५ मे १९७७ ला लागला तेव्हा अमेरिकेत ३२ थिएटरांत लागला होता फक्त. जॉर्ज लुकसचा आधीचा पिक्चर तुफान चालला होता, त्यामुळे जास्त पैसे मागायची त्याला सोय होती, पण त्याने फी वाढवून मागण्याऐवजी पुढच्या भागांचे आणि खेळणी-बिळणी विकायचे हक्क मागितले, आणि स्टुडिओने ते देऊन टाकले कारण तेव्हा असल्या हक्कांना कोणी किंमतच देत नव्हतं. मग पिक्चर धो धो चालला आणि केनर कंपनीकडे खेळणी तयारच नव्हती! त्या ख्रिसमसला त्यांनी चक्क रिकामं पाकीट विकलं, आत एक सर्टिफिकेट, ते पोस्टाने पाठवा मग पुढच्या वर्षी तुम्हाला चार बाहुले येतील. लोकांनी ते घेतलं. बाहुले पावणेचार इंचाचेच, त्यामागे हिशेब होता, बाहुला फूटभराचा केला असता तर त्याला बसायला यान केवढं करणार आणि ते ठेवणार कुठे? बाहुला लहान म्हणून यानही मुलाच्या हातात मावलं, आणि मग पडद्यावर न घडलेल्या शंभर गोष्टी दिवाणखान्यात घडायला लागल्या. १९८३ ते १९९९ या सोळा वर्षांत थिएटरात नवा भाग एकही आला नाही, तरी ते मेलं नाही, ते याच्यावर.

१९८३ मध्येच अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी अंतराळातल्या क्षेपणास्त्र-कवचाची योजना जाहीर केली, आणि सिनेटर टेड केनेडीने टिंगल म्हणून तिला 'स्टार वॉर्स' म्हटलं, ते नाव कायमचं चिकटलं. आणि इंग्लंड-वेल्समध्ये २००१ च्या जनगणनेत जवळपास ३ लाख ९० हजार लोकांनी धर्म 'जेडाय' (हे 'स्टार वॉर्स'मधले लाइटसेबरवाले योद्धे) असा लिहिला, अर्थात गंमत म्हणून. पण गंमत करायलाही समोरच्याला ती कळेल याची खात्री लागते. आपली आरती असते ना, अर्ध्या लोकांना मधली कडवी येत नाहीत पण टाळ्या सगळेच वाजवतात, तसं झालंय हे.

'स्टार ट्रेक' या अमेरिकन टीव्ही मालिकेचं प्रकरण वेगळं. १९६६ ला सुरू, १९६९ ला बंद, ७९ भाग, चॅनलच्या दृष्टीने फ्लॉप. पण नंतर छोट्या छोट्या स्थानिक स्टेशनांनी तेच भाग रोज संध्याकाळी लावायला सुरुवात केली आणि शाळेतून आलेल्या पोरांची एक आख्खी पिढी त्यावर वाढली. त्यातल्या टोकदार कानांच्या स्पॉकची ती चार बोटांची खूण, ती त्याचं काम करणाऱ्या लेनर्ड निमॉयने ज्यू पुरोहितांच्या आशीर्वादाच्या मुद्रेवरून घेतली, तिला खर्च शून्य. पुढे चाहत्यांनी पत्रं पाठवून पाठवून पहिल्या स्पेस शटलला 'एंटरप्राइज' नाव द्यायला लावलं, ते शटल अंतराळात कधी गेलंच नाही ही गोष्ट वेगळी. आपल्यातल्या काहींना ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायचं ते आठवत असेल, इंग्रजी निम्मं कळायचं नाही पण कानाचं टोक वर असलेला माणूस हुशार, एवढं कळायचं.

'डॉक्टर हू' या बीबीसीच्या मालिकेबद्दल पटकन सांगतो. १९६६ मध्ये मुख्य नटाला काम सोडावं लागलं तर बीबीसीने सांगितलं की हा माणूस नवं शरीर घेतो! केवढी सोय. पुढे बीबीसीने जुन्या टेप पुसून टाकल्या, आजही काही डझन भागांचं चित्र हरवलेलं आहे, पण आवाज सगळ्यांचा आहे कारण प्रेक्षकांनी घरी टीव्हीजवळ माइक धरून टेप केले होते.

आता तुम्ही विचाराल की मराठीत का नाही असं काही. नारळीकर सरांनी १९७४ मध्ये विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने कथा पाठवली होती आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. त्यांच्या कथा मला फार आवडतात, पण त्या कल्पनेवर चालतात, कल्पना उलगडली की कथा पूर्ण, उगाच एक ओळ जास्त नाही. कथा म्हणून हेच बरोबर आहे. पण मागे उरत नाही काही, मुलाला 'मी हा, तू तो' करून अंगणात खेळायला. आपली परंपरा विज्ञान समजावून सांगायची, खेळायला द्यायची नाही, असं मला वाटतं, ज्यांना पटत नसेल त्यांनी जेवताना भांडावं.

शेवटी 'स्टार वॉर्स'मधला बोबा फेट. १९८० च्या भागात त्याला जेमतेम चार वाक्यं होती, हेल्मेट काढत नाही, कोण कुठला काही माहीत नाही, आणि मुलं त्याच्यावर फिदा होती. २०१२ मध्ये डिस्नीने चार अब्ज डॉलर मोजून सगळं विकत घेतलं आणि नंतर त्याच बोबा फेटची सात भागांची मालिका काढली. त्यात तो बोलतोय, हेल्मेट काढून बोलतोय, पाण्याच्या टाकीत पडून जुनं आठवतोय. माझ्या मुलाने दुसऱ्या भागानंतर फोन काढला. प्रत्येक कोपऱ्यात दिवा लावला की लपाछपी कुठे खेळणार? आता व्हेडरच्या सुताराचीही मालिका येईल बहुतेक.

चला, श्रीखंडाची भांडी बाहेर आली, मला दिसतायत. 'ट्रेक' मोठं का 'वॉर्स' हा वाद कृपा करून रांगेत काढू नका, मागच्या वेळी माझ्यामुळेच अळूवडी गार झाली होती.