दुसरं वाक्य

‘सगळी सुखी कुटुंबं एकमेकांसारखी असतात, प्रत्येक दुःखी कुटुंब आपापल्या परीनं दुःखी असतं.’ लिओ टॉल्स्टॉय यांच्या ‘ॲना कॅरेनिना’चं हे पहिलं वाक्य. ज्यांनी कादंबरी हातात घेतलेली नाही त्यांनाही ते ठाऊक असतं. थोर कादंबऱ्यांच्या सुरुवातींविषयी बोलणं निघालं की ते हटकून निघतं, सगळे माना डोलावतात, आणि बोलणं तिथंच थांबतं. आज मला तिथून पुढं जायचं आहे. या सुरुवातीचं खरं बळ मला दुसऱ्या वाक्यात दिसतं. सुभाषित लिहिणारे पुष्कळ असतात. ते लिहून झाल्यावर पुढच्याच ओळीला काय करायचं, हे फार थोड्यांना कळतं.

आधी पहिल्या वाक्याकडे जरा नीट बघू. ते कोण बोलतंय? कुठलंही पात्र नाही, ‘मी’ म्हणणारा निवेदकही नाही. काळ नाही, स्थळ नाही. वाक्य खरं आहे का, हा प्रश्नही सुटत नाही. याच कादंबरीत लेव्हिन आणि किटीचा संसार आहे. तो पुष्कळसा सुखाचा आहे, पण दुसऱ्या कुणासारखा मुळीच नाही. म्हणजे टॉल्स्टॉय आठशे पानांत हे वाक्य सिद्ध करून दाखवत नाहीत. ते आपल्याला उंचावर नेऊन उभं करतात, जिथून सगळी घरं छोटी आणि सारखी दिसतात.

आणि मग दुसरं वाक्य येतं. रशियनमध्ये ते पाच शब्दांचं आहे. मराठीत त्याचा क्रम सांभाळून असं म्हणता येईल : ‘सगळं विस्कटलं होतं ओब्लोन्स्कींच्या घरात.’

उंचावरून थेट एका घराच्या उंबऱ्याच्या आत. मध्ये पायरी नाही, ‘उदाहरणार्थ’ नाही, ‘अशाच एका कुटुंबाची ही कहाणी’ नाही. परिच्छेद बदलतो आणि आपण आत असतो.

इथं एक बारीक गोष्ट आहे, आणि आपल्या भाषेला ती सहज पेलते. मूळ रशियनमध्ये पहिलं वाक्य ‘व्स्ये’ या शब्दानं सुरू होतं, म्हणजे ‘सगळी’. दुसरं सुरू होतं ‘व्स्यो’नं, म्हणजे ‘सगळं’. आजच्या रशियन लेखनात दोन्हींत फरक फक्त अक्षरावरच्या दोन टिंबांचा, आणि छपाईत ती टिंबं बहुतेक वेळा गाळतात. म्हणजे डोळ्यांना दोन्ही वाक्यांचा पहिला शब्द एकच दिसतो. ‘सगळी सुखी कुटुंबं...’ आणि मग ‘सगळं विस्कटलं होतं...’ पहिल्या ‘सगळी’त सारं जग आहे, दुसऱ्या ‘सगळं’मध्ये फक्त एक घर. शब्द तोच, पण त्याचा आवाका क्षणात घसरला. मराठीत हे जवळजवळ जसंच्या तसं उतरतं याचा मला फार आनंद होतो.

आता तो पुढचा परिच्छेद पूर्ण ऐका. भाषांतर मी मुळाला धरून केलं आहे, थोडं खडबडीत वाटलं तरी चालेल.

‘सगळं विस्कटलं होतं ओब्लोन्स्कींच्या घरात. नवऱ्याचे पूर्वी याच घरात असलेल्या फ्रेंच शिक्षिकेशी संबंध होते हे बायकोला कळलं होतं, आणि यापुढं एका घरात आपण राहू शकत नाही, असं तिनं नवऱ्याला सांगून टाकलं होतं. या अवस्थेला आज तिसरा दिवस होता, आणि तिचा जाच नवरा-बायकोला, कुटुंबातल्या सगळ्यांना आणि घरच्या माणसांना होत होता. कुटुंबातल्या सगळ्यांना आणि घरच्या माणसांना वाटत होतं, की आपल्या एकत्र राहण्याला काही अर्थ उरलेला नाही. एखाद्या धर्मशाळेत योगायोगानं गाठ पडलेली माणसंसुद्धा आपल्यापेक्षा, ओब्लोन्स्कींच्या कुटुंबातल्या आणि घरच्या माणसांपेक्षा, एकमेकांशी जास्त बांधलेली असतील. बायको आपल्या खोल्यांतून बाहेर येत नव्हती, नवरा तीन दिवस घरी नव्हता. मुलं घरभर हरवल्यासारखी धावत होती. इंग्रज बाईचं कारभारणीशी भांडण झालं होतं आणि आपल्याला दुसरीकडे जागा बघ म्हणून तिनं मैत्रिणीला चिठ्ठी लिहिली होती. आचारी कालच, ऐन जेवणाच्या वेळी, निघून गेला होता. नोकरांचा स्वयंपाक करणारी बाई आणि कोचवान हिशेब मागत होते.’

‘घर’ किती वेळा आलं? आठ वेळा, मुळातल्या सहा वाक्यांत. रशियनमध्ये शब्द आहे ‘दोम’, आणि त्याच्यापासून झालेला, घरच्या सगळ्या माणसांसाठीचा ‘दोमोचाद्त्सी’. व्लादिमीर नाबोकोव्ह विद्यार्थ्यांना ही कादंबरी शिकवताना ही आठ आवर्तनं मुद्दाम मोजून दाखवायचे. शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं की एकच शब्द पुन्हापुन्हा आणू नये. अनेक अनुवादकांनीही टॉल्स्टॉयची ‘चूक’ दुरुस्त करून कुठं घर, कुठं निवास, कुठं परिवार असं केलं. आणि तिथंच परिच्छेद मेला. कारण घर मोडायला लागलं की माणसाच्या डोक्यात ‘घर’ हा एकच शब्द घणासारखा वाजत राहतो. ‘कुटुंबातल्या सगळ्यांना आणि घरच्या माणसांना’ हे शब्द संपतात न संपतात तोच पुढचं वाक्य त्याच शब्दांनी सुरू होतं. तीन दिवस त्याच त्या गोष्टीभोवती फिरणाऱ्या मनाची लय आहे ही. टॉल्स्टॉयना समानार्थी शब्द सुचले नाहीत असं समजणं म्हणजे त्यांना वाचताच न येणं.

आणखी एक. या परिच्छेदात नवरा-बायकोला नावं नाहीत. फक्त ‘नवरा’ आणि ‘बायको’. दुःख अजून नात्यांच्या पातळीवर आहे, माणसांच्या पातळीवर यायचं आहे.

आणि ते घर विस्कटलंय हे दाखवायला शेवटी कोण येतं? आचारी, स्वयंपाकाची बाई, कोचवान. वरच्या मजल्यावरचा भूकंप सगळ्यात आधी स्वयंपाकघरात जाणवतो. हिशेब मागणं हा आपल्याकडचा वाक्प्रचारही अगदी तोच आहे : आमचं काय ते देऊन टाका, आम्ही निघालो. कादंबरीच्या माथ्यावर बायबलमधलं वचन छापलेलं आहे, ‘सूड घेणं माझ्याकडे आहे, मी परतफेड करीन.’ त्या ईश्वरी हिशेबापासून निघालेली सुरुवात एका पानाच्या आत कोचवानाच्या हिशेबापाशी येऊन थांबते. टॉल्स्टॉयनी हे ठरवून केलं असेल की नाही, मी सांगू शकत नाही. पण वाचताना ते जाणवतं, आणि एकदा जाणवलं की पुसता येत नाही.

ही उडी टॉल्स्टॉय कुठं शिकले, हेही ऐकण्यासारखं आहे. 1873च्या मार्चमध्ये पुश्किनच्या गद्याचा एक खंड त्यांच्या हाती आला. त्यात एक अपुरं राहिलेलं लेखन होतं. त्याची सुरुवात साधारण अशी : ‘पाहुणे बंगल्यावर जमू लागले होते.’ ना प्रस्तावना, ना वर्णन. टॉल्स्टॉय भारावून गेले. सुरुवात करावी तर अशी, एकदम प्रसंगात शिरून, असं त्यांचं म्हणणं. त्याच ओघात त्यांनी ‘ॲना’ लिहायला घेतली, आणि सुरुवातीच्या खर्ड्यात खरोखरच नाटकगृहातून परतलेले पाहुणे एका दिवाणखान्यात जमतात. तो प्रसंग पुढं दुसऱ्या भागात गेला. 1875पासून कादंबरी मासिकातून क्रमशः येऊ लागली तेव्हा माथ्यावर सुभाषित होतं. पण पुश्किनचा धडा वाया गेला नव्हता. तो दुसऱ्या वाक्यात उतरला होता.

मग नावं येतात. तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, नेहमीच्या वेळेला, स्टिवा ओब्लोन्स्की जागा होतो. मात्र बायकोच्या शयनगृहात नाही, आपल्या अभ्यासिकेत, चामड्याच्या कोचावर. स्वप्न छान पडलं होतं : काचेची टेबलं गात होती, आणि छोट्या सुरया होत्या, ज्या बायकाही होत्या. तो हसतच पाय खाली सोडतो आणि पायांनीच सपाता शोधतो. सपाता बायकोनं भरतकाम करून दिलेल्या, गेल्या वाढदिवसाची भेट. मग नऊ वर्षांच्या सवयीनं, न उठताच, झगा जिथं टांगलेला असतो तिकडं हात लांबवतो. तिथं झगा नाही. आणि मग त्याला आठवतं. दुःख त्याला विचारातून कळत नाही, हातातून कळतं.

आता मी या प्रकरणातल्या सगळ्यात लाडक्या जागेकडे येतो. भांडण कसं झालं, हे स्टिवा आठवतो. तो नाटकाहून परत आला, खुशीत, हातात बायकोसाठी आणलेलं एक भलंमोठं नासपतीचं फळ. ती दिवाणखान्यात नव्हती, अभ्यासिकेत नव्हती. शेवटी शयनगृहात सापडली, आणि तिच्या हातात होती सगळं उघडं पाडणारी ती अभागी चिठ्ठी. मूळ वाक्यात ‘हातात’ हा शब्द दोनदा येतो, एकदा फळाशी, एकदा चिठ्ठीशी. दोन हात, दोन वस्तू, एक दार. आणि चिठ्ठीला लावलेल्या विशेषणाचा भाऊबंद आपल्याला आधी भेटलेला आहे. पहिल्या वाक्यातल्या ‘दुःखी’ कुटुंबासाठी जो शब्द आहे, त्याच्याच मुळातून आलेला. त्या सुभाषितातल्या मोठ्या शब्दाचं मूळ दोन पानांत एका कागदाच्या चिटोऱ्याला येऊन चिकटलं.

फळाचा आकार का सांगितला? ‘भलंमोठं’ का? कारण स्टिवा मनानं वाईट नाही. त्याचं बायकोवरचं प्रेम खरं आहे आणि त्यानं केलेला विश्वासघातही खरा आहे, आणि हे दोन्ही एकाच संध्याकाळी एकाच माणसात मावतात. दुसऱ्या एखाद्या लेखकानं यावर अर्धं पान समजावलं असतं. टॉल्स्टॉय हातात फळ देतात आणि पुढं जातात. मग बायको विचारते, हे काय आहे? आणि स्टिवाच्या चेहऱ्यावर त्याचं नेहमीचं, भलं, आणि म्हणूनच मूर्ख दिसणारं हसू उमटतं. नाकारलं नाही, रागावला नाही, क्षमा मागितली नाही, हसला. त्या हसण्यानं त्याची बायको डॉली जी दुखावते, ती चिठ्ठीनंही दुखावली नसेल.

एक प्रश्न श्रोते नेहमी विचारतात : कादंबरी ॲनाची, मग सुरुवात तिच्या भावापासून, स्टिवापासून का? पहिल्या भागाच्या अठराव्या प्रकरणापर्यंत ती आपल्याला दिसतही नाही. मला वाटतं, टॉल्स्टॉयना आधी माप हातात द्यायचं होतं. भावानं जे केलं तेच पुढं बहीण करणार आहे. भाऊ नोकरी करेल, मेजवान्या देईल, लोकांना हवाहवासा वाटत राहील. बहिणीला मात्र नाटकगृहात बसणंही अशक्य होईल. हे माप पहिल्या पानावर दिलं नसतं, तर पुढचा अन्याय आपल्याला इतका बोचला नसता.

आणि ॲनाचं नाव पहिल्यांदा कसं येतं, बघा. दुसऱ्या प्रकरणात स्टिवा दाढी करून घेत असतो. तार आलेली असते. त्याचा चेहरा उजळतो आणि तो जुन्या नोकराला सांगतो, मात्वेय, उद्या ॲना येतेय. मात्वेयही समजून जातो : स्टिवाची लाडकी बहीण येतेय, म्हणजे आता नवरा-बायकोत समेट होईल. तो विचारतो, एकट्याच, की साहेबांबरोबर? न्हाव्याचा वस्तरा स्टिवाच्या वरच्या ओठावर असतो, त्यामुळं त्याला बोलता येत नाही. तो नुसतं एक बोट वर करतो. एकटीच.