जुन्या गाडीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, आता प्लगचा गॅप किती ठेवायचा?

नमस्कार मंडळी, जुन्या गाडीचे पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला उघडझाप करणारा छोटा स्विच, काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं की पुढचा प्रश्न ठरलेला, आता प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी उडते त्या दोन टोकांमधलं अंतर, किती? जुन्या मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा 25 थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असतो, म्हणजे साधारण 0.6 मिलिमीटर, आणि मग कोणीतरी सांगतं की अरे आता काय, बिनधास्त 45 कर. तसं करू नका, का ते सांगतो.

आधी हे बघा की गॅप इतका कमी का होता. पॉइंट उघडले की कॉइलच्या प्रायमरीतला, म्हणजे पहिल्या वेटोळ्यातला, करंट तुटतो आणि सेकंडरीत, म्हणजे दुसऱ्या वेटोळ्यात, हजारो व्होल्ट तयार होतात, पण तो सगळा प्रायमरी करंट त्या इवल्याशा पॉइंटमधून जायचा, चारेक अँपिअरच्या वर गेला की पॉइंट जळायला लागायचे. म्हणून कॉइल बेताची, आणि कॉइल बेताची म्हणून गॅप लहान.

आता पॉइंटच्या जागी ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल आलंय, त्यामुळे जास्त करंट घेणारी ताकदवान कॉइल लावता येते, अर्थात मॉड्यूलला जेवढ्या ओहमची चालते तेवढीच. पण तुम्ही फक्त मॉड्यूल बदललं असेल आणि कॉइल जुनीच असेल तर ठिणगी फार काही वाढलेली नसते. टायमिंग हलत नाही, पॉइंट घासायची कटकट गेली, हा फायदा आहेच, पण गॅप वाढवायला ते कारण पुरत नाही.

कॉइल पण बदलली असेल तर मात्र वाढवा, ठिणगी लांब झाली की जास्त मिक्श्चरला भिडते आणि आयडलिंग छान बसतं. जनरल मोटर्सनी सत्तरच्या दशकात एचईआय (हाय एनर्जी इग्निशन) आणलं तेव्हा काही इंजिनांना तब्बल 60 थाऊ गॅप दिला होता, आणि पुढे तोही 45 वर आणला.

मी पण माझ्या गाडीला थेट 45 ठेवला होता. उभ्या गाडीत इंजिन इतकं गोड चाललं की काय सांगू, आणि पहिल्याच चढाला वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला तर मिसिंग, म्हणजे मधेच ठिणगी चुकून इंजिन धडपडायला लागलं. कारण बघा, लोड आला की सिलिंडरमध्ये प्रेशर वाढतं, आणि प्रेशर जास्त तर तोच गॅप ओलांडायला व्होल्टेज जास्त लागतं. तेवढं व्होल्टेज चढलं की करंट सोपी वाट शोधतो, जुनी वायर, प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा रोटर, त्याच्या कॅपची चीर, जिथे कच्चं असेल तिथे. रात्री अंधारात बोनेट उघडून बघितलं तर कॉइलच्या वायरीतून हेडवर बारीक निळ्या ठिणग्या उडत होत्या, आणि कॅप उघडली तर आत दोन टर्मिनलच्या मध्ये पेन्सिलनी ओढल्यासारखी काळी रेघ. कॅप गेली. म्हणून गॅप वाढवायच्या आधी कॅप, रोटर, वायरी चांगल्या करून घ्या, आणि वायरी रेझिस्टन्सवाल्याच घ्या, नुसत्या तांब्याच्या तारेच्या वायरींनी कितीतरी मॉड्यूल बिघडतात.

आता आकडा. किटच्या कागदावर दिलाय तो पहिला, नसेल तर 30 पासून सुरू करा, मग 35, आणि दर वेळी चढावर चालवून बघा. मिसिंग आलं की एक पायरी मागे. माझ्याकडे 35 वर सगळं शांत आहे.

गॅप मोजायला हा तारेचा गेज घ्या, चपटी पट्टी वापरलेल्या प्लगवर फसवते, कारण इलेक्ट्रोड झिजून खड्डा पडलेला असतो. तार अशी, बघा, हलकी घासत गेली पाहिजे. वाकवायचा तो फक्त बाहेरचा, मधल्याला टेकू देऊन वाकवाल तर आतली पोर्सेलिन तडकते. इरिडियम प्लग असेल तर त्याच्या टोकाला हातच लावू नका.

बसवताना इंजिन थंड हवं, आणि आटे आधी बोटांनीच फिरवायचे, पाना नंतर. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की काम वाढतं. नवीन वॉशर असेल तर हाताने टेकल्यावर साधारण अर्धा फेरा, बास. वायर एक काढा एक लावा, म्हणजे फायरिंग ऑर्डरचा, कोणत्या सिलिंडरला कधी ठिणगी याचा, घोळ होत नाही.

झाले चारही. लाइट बंद कर रे जरा, अंधारात एकदा चालू करून बघू कुठे निळं दिसतंय का.