पानाखालचं बिऱ्हाड: घरातल्या झाडांवरचा लाल कोळी

[दृश्य: पांढरा कागद, वर एक पान, पानाला बोटाने दोन टिचक्या]

कागदावर जे पडलंय ती धूळ वाटते ना, मलाही वाटली होती, आणि एक-दोन दिवस नाही, चांगले तीन आठवडे वाटत होती. आता काही करू नका, दहा सेकंद नुसतं बघत बसा. तो डावीकडचा ठिपका सरकला. आता खालचाही सरकला. धूळ कधी चालते का?

हा लाल कोळी. बाहेर बऱ्याच जणांच्या तोंडी स्पायडर माइट हेच नाव असतं, शास्त्रातलं नाव टेट्रानिकस अर्टिसी. नाव लाल असलं तरी बहुतेक वेळा हा पिवळट-हिरवट असतो आणि अंगावर दोन बाजूंना दोन काळे डाग असतात. हे डाग म्हणजे कातडीचा रंग नाही बरं का, पोटात गेलेलं जेवण बाहेरून दिसतंय ते, इतकं अंग पारदर्शक. याला कीटक म्हणणंही चुकीचं, कारण कीटकाला पाय सहा आणि याला आठ, म्हणजे हा कोळी, विंचू, गोचीड यांच्या भावकीतला. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर.

[दृश्य: पान वरून, मग उलटं करून खालून]

पान वरून बघितलं तर सुईने टोचल्यासारखे बारीक फिकट ठिपके दिसतात, हजारो. लोक म्हणतात पाणी कमी पडलं, खत कमी पडलं, मीही खत घातलं होतं आणि तीच माझी पहिली चूक, कारण नायट्रोजन जास्त मिळालेल्या लुसलुशीत पानावर हा कोळी आणखी खूश असतो आणि अंडीही जास्त घालतो. आता पान उलटं करा. मधल्या शिरेच्या कडेला जी पांढुरकी भुकटी दिसते ती म्हणजे टाकलेल्या काती, आणि मधेमधे ते गोल गोल चमकदार मणी म्हणजे अंडी. काही मणी तर जाळीच्या धाग्यावरच अडकवलेत. कोळ्याच्या तोंडात सुईसारखे दोन भाग असतात, ते पेशीत खुपसायचे, आतला हिरवा रस ओढायचा, पुढची पेशी. मिनिटाला साधारण १८ ते २२ पेशी. वरून जो फिकट ठिपका दिसला तो या रिकाम्या पेशींचा.

खात्री करायची सोपी पद्धत, ओला पांढरा टिश्यू पानाच्या खालून एकदा फिरवा. टिश्यूवर हिरवट किंवा लालसर रेघा उमटल्या तर धूळ नाही, पाहुणे आहेत.

घरातच हा एवढा का माजतो याचं उत्तर साधं आहे, घरात पाऊस नाही, बाहेर पावसाने पानं धुतली जातात. वारा नाही. याला खाणारं कुणी नाही. आणि हवा कोरडी, त्यात ग्रो लाइटची, म्हणजे झाडं वाढवायला लावलेल्या दिव्याची, ऊब. म्हणजे आपण झाडासाठी जे सगळं जमवतो ते झाडाच्या आधी याला मानवतं. अन् झाडाच्या बाबतीत आवडनिवड म्हणाल तर ११०० हून जास्त प्रकारच्या वनस्पतींवर हा सापडलाय, गुलाब, काकडी, टोमॅटो, स्ट्रॉबेरी, वांगं, भांगेचं झाड, कुंडीतली शोभेची झाडं, सगळं चालतं.

[दृश्य: भिंगातून एक न हलणारी मादी आणि तिच्या अंगावर बसलेला लहान नर]

हे दृश्य मी कितीतरी वेळ बघत बसलो होतो. मधली ती हलत नाही, ती मेलेली नाही, कात टाकायच्या आधी अशी गप्प होते. तिच्या पाठीवर तो बारीक, मागे निमुळता झालेला आहे तो नर, तिची कात कधी फुटते याची वाट बघत पहारा देत बसलाय, दुसरा नर आला तर मारामारी करतो. आणि गंमत म्हणजे मादीचं नराशिवायही अडत नाही, न फळलेल्या अंड्यातून फक्त नर निघतात. म्हणजे तुमच्या शर्टाला चिकटून एक एकटी मादी घरात आली, तिने अंडी घातली, त्यातून मुलगे निघाले, पुढचं तुम्ही समजा. एका मादीपासून अख्खं गाव उभं राहतं.

आता मुख्य मुद्दा. हवा ३० डिग्रीच्या आसपास असेल तर अंड्यापासून अंडी घालणाऱ्या मादीपर्यंत जेमतेम एक आठवडा लागतो, २० डिग्रीला दोन आठवड्यांच्या वर. एक मादी आयुष्यात शंभरच्या आसपास अंडी घालते. म्हणून "मी फवारलं होतं, पण उपयोग झाला नाही" असं जे लोक सांगतात ते खोटं बोलत नाहीत, त्यांनी फवारलेलं असतं, पण एकदाच. साबणाच्या पाण्याने चालते-फिरते कोळी मेले, अंडी बहुतेक तशीच राहिली, तीन दिवसांनी अंडी फुटली आणि परत जैसे थे. ही लढाई औषधाची कमी आणि कॅलेंडरची जास्त आहे, दर तीन-चार दिवसांनी, किमान चार वेळा, आणि गरम खोलीत तर एकही वार चुकवायचा नाही.

सुरुवात औषधाने नाही, नुसत्या पाण्याने. कुंडीच्या मातीवर प्लास्टिक बांधा, झाड बाथरूममध्ये न्या, आडवं धरा आणि हॅंडशॉवरने पानं खालून धुवा, वरून नाही, खालून. जाळी तुटते, अर्ध्याहून जास्त बिऱ्हाड मोरीत जातं. फार खराब झालेली पानं सरळ तोडा आणि पिशवीत बांधून घराबाहेर काढा, कुंडीतच टाकून ठेवू नका, ती वाळली की सगळे उठून परत वर चढतात.

मग साबण. इथे साबण म्हणजे पोटॅशियमचा द्रव साबण, जो झाडांसाठीच मिळतो, लिटरला १० ते २० मिली. भांड्यांचं लिक्विड हा साबण नव्हे, ते डिटर्जंट आहे, त्याने पानांची कड जळू शकते. साबण ओला आहे तोवरच मारतो, वाळला की संपलं, मागे काही उरत नाही, म्हणून पान खालून निथळेपर्यंत भिजलं पाहिजे. जो कोळी भिजला नाही तो वाचला.

निंबोळी तेल लिटरला साधारण ५ मिली, पण तेल-पाणी एकत्र येत नाही, म्हणून आधी तेलात थोडा साबण घोटायचा, मग कोमट पाणी हळूहळू ओतत हलवायचं, दुधाळ झालं की जमलं. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी त्यात दम राहत नाही. तेलाचा फायदा असा की ते अंड्यांवरही बसतं आणि त्यांचा श्वास कोंडतो. आधी एका पानावर मारून दोन दिवस थांबा.

आणि आता माझा पराक्रम. दुपारी, ग्रो लाइट चालू, पंखा बंद, आणि मी उत्साहात सगळ्या झाडांवर तेल फवारलं, प्रमाणही जरा सढळ हाताने घेतलं होतं, म्हटलं जास्त घातलं तर जास्त मरतील. दुसऱ्या दिवशी कोळ्यांनी तीन आठवड्यांत जितकी पानं खराब केली नसतील तितकी मी एका दुपारी करपवून ठेवली. तेव्हा फवारणी लाइट बंद झाल्यावर, पान वाळेपर्यंत पंखा हळू चालू. आणि तेल मारल्यावर दोन आठवडे तरी गंधक जवळ आणायचं नाही, दोन्ही मिळून पान जाळतात.

पानांवर पाण्याचे तुषार मारत राहा, दमट हवेत कोळी मरतात, हा सल्ला सगळीकडे असतो. दमट हवेने त्याचा वेग मंदावतो हे खरं, पण मरत नाही, निव्वळ त्याच्या भरवशावर बसू नका.

फुलांवर काही फवारायचं नाही हा नियम सगळ्यांना, पण भांगेच्या झाडाला सगळ्यात जास्त लागू. जिथे कायद्याने मुभा आहे, उदाहरणार्थ कॅनडात २०१८ पासून देशाच्या कायद्याने एका घराला चार झाडं लावता येतात, प्रांतांचे नियम वेगळे असू शकतात, तिथे घरात लावणाऱ्यांची हीच पंचाईत होते. फुलावर चिकट राळेचे केस, त्यात गेलेलं तेल धुऊन निघत नाही आणि ते फूल पुढे माणसाच्या शरीरात जाणार. आणि कोळी खाणं संपत आलं की शेंड्याकडे चढतात, म्हणजे बरोबर फुलावर, तिथे जाळीचा गोळा करून बसतात. त्यामुळे जे काय करायचं ते फुलं यायच्या आधी, नंतर हातात फारसं काही राहत नाही.

[दृश्य: पानावर एक तांबडा, नासपतीसारख्या आकाराचा, भराभर धावणारा ठिपका]

आता हा बघा. हा पण माइटच, पण दुसऱ्या बाजूचा, आपल्या लाल कोळ्याला खाणारा. फायटोसियुलस परसिमिलिस. १९५८ मध्ये चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडच्या झाडांबरोबर हा चुकून आला, आणि १९६० च्या दशकात युरोपातल्या काचघरांमध्ये काकडीवर मुद्दाम सोडायला लागले. त्याला डोळे नाहीत. मग शोधतो कसा? तर वासाने, आणि वास कोळ्याचा नव्हे, झाडाचा. कोळी लागलेलं पान एक वेगळा वास सोडतं, नेदरलँड्समध्ये डिके आणि साबेलिस या संशोधकांनी १९८० च्या दशकात हे दाखवलं. घेवड्याच्या पानांतून निघणाऱ्या त्या वासात मिथाइल सॅलिसिलेट सापडलं, म्हणजे दुखऱ्या गुडघ्याला चोळतो त्या मलमाचा वास. झाड मलम लावून बसलंय आणि आंधळा शिकारी त्या वासावर येतोय, यापुढे मी काय बोलू.

याची मोठी मादी दिवसाला वीसेक अंडी किंवा पाचेक मोठे कोळी फस्त करते. २० डिग्रीला कोळ्याला वाढायला १७ दिवस लागतात तर याला ९, म्हणजे कॅलेंडर आता आपल्या बाजूने. पण ३० च्या वर आणि कोरड्या हवेत उलटं होतं, याची अंडी सुकतात आणि कोळी पुढे निघून जातो. हवेत ओलावा ६०-७० टक्के हवा. नसेल जमत तर कॅलिफॉर्निकस नावाचा भाऊबंद घ्या, तो जरा संथ खातो पण उन्हाळा सोसतो, आणि शिकार नसेल तर परागावर दिवस काढतो. परसिमिलिस नाही काढत, कोळी संपले की तोही उपाशी मरतो. दोन्ही बाटलीत भुशाबरोबर येतात, आल्या दिवशीच सोडायचे, फ्रिजमध्ये ठेवून रविवारची वाट बघायची नाही. तेल मारलं असेल तर आठवडाभर थांबा, नाहीतर पैसे देऊन आणलेले सैनिक आपणच मारणार.

अजून एक फसवणूक सांगतो. प्रकाशाचे तास कमी झाले, थंडी पडली, की माद्या नारिंगी-लाल होतात, खाणं बंद, अंडी बंद, आणि फळीच्या फटीत, कुंडीच्या कडेखाली, झाडं वाढवायच्या टेंटच्या (तंबूच्या) शिवणीत जाऊन झोपतात. झाड स्वच्छ दिसतं, आपण म्हणतो गेले एकदाचे, आणि ऊब परतली की तेच बिऱ्हाड पुन्हा वर. म्हणून झाडाइतकीच जागाही पुसायची, प्रत्येक फट. नवीन झाड आलं की दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत.

[दृश्य: तोच पांढरा कागद, तेच झाड, एकविसावा दिवस]

टिचकी. एक, दोन. थोडी माती, एक वाळकं तूस. थांबा, दहा सेकंद. उजवीकडे हललं काहीतरी, तांबडं, आणि कोळ्यासारखं रेंगाळत नाहीये, धावतंय, कागदाच्या कडेपर्यंत गेलं, वळलं, परत दुसऱ्या कडेपर्यंत. खायला काही सापडत नाहीये त्याला.