जट : देवीची म्हणतात, भार मात्र बाईच्या मानेवर

नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरी चढून गेलात की वर जटा मंदिर लागतं. शंकरानं इथल्या खडकावर जटा आपटल्या आणि गोदावरी खाली आली, असं तिथली माणसं सांगतात, खडकावरच्या खुणाही दाखवतात. खाली कुंभमेळा भरतो तेव्हा साधू येतात, कुणाच्या जटा कमरेपर्यंत तर कुणाच्या त्याच्याही खाली, आणि लोक वाकून पाया पडतात. घर सोडलं, संसार सोडला, शरीराचे लाड सोडले, आता केसांना फणी लावण्यापुरतीसुद्धा स्वतःची काळजी उरली नाही, असा त्या जटांचा अर्थ. आणि हे त्यांनी स्वतः ठरवून केलेलं असतं.

आता आपण कोल्हापूर-सांगलीवरून खाली बेळगाव जिल्ह्यात जाऊ. सौंदत्ती, यल्लम्माचा डोंगर. मार्गशीर्ष पौर्णिमेला इथं महाराष्ट्रातून गाड्या भरभरून लोक येतात, सगळीकडे भंडारा उधळलेला, लिंबाचे डहाळे, डोक्यावर परड्या, चौंडकं वाजतंय आणि ‘उदं गं आई उदं’ चाललंय. या गर्दीत नीट बघा, काही बायकांच्या पदराखालून दोरखंडासारखी जाड जट लोंबताना दिसेल, तिलाही भंडारा लावलेला, हळदीनं पिवळी झालेली.

या बायकांनी जट ठरवून ठेवलेली नसते. बाळंतपण झालं, लांबलेलं आजारपण झालं, दिवसभर रानात काम, डोक्यावरनं न्हायला पाणी नाही, उवा झाल्या, फणी फिरवायला सवड नाही, यातलं काहीतरी होतं आणि केसात गुंता होतो. तेल, धूळ, घाम बसून तो घट्ट होत जातो. एवढंच. पण शेजारची कुणीतरी बघते आणि हात जोडते, मग देवऋष्याकडे नेतात, तो सांगतो देवी आलीय, विंचरायचं नाही, कापायचं नाही, नाहीतर कोप होईल, घरातलं माणूस जाईल. एवढं ऐकल्यावर कोण आई कात्री हातात घेईल?

आणि जट लहान पोरीच्या डोक्यात निघाली तर गोष्ट केसांवर थांबायची नाही. देवीनं पोरगी मागितली म्हणायचे, गळ्यात मणी बांधायचे आणि देवीला सोडायचे, म्हणजे देवदासी करायचे, पुढं तिचं लग्न नाही आणि बहुतेकींच्या वाट्याला काय आलं ते सगळ्यांना माहिती आहे. मुंबई प्रांतात याविरुद्ध 1934 मध्येच कायदा झाला, कर्नाटकात 1982 ला, महाराष्ट्रात 2005 ला पुन्हा नवा करावा लागला, यावरून प्रथा किती चिवट ते कळतं.

पण इथं थोडं थांबायला पाहिजे. नुसतं अंधश्रद्धा म्हणून पुढं गेलो तर त्या बाईला आपण समजून घेतलंच नाही. जिला घरात कुणी कधी काही विचारलं नाही, तिच्या डोक्यात जट आली की सासू आदबीनं बोलायला लागते, मंगळवारी-शुक्रवारी बायका ओटी भरायला येतात, अंगात आलं की नवरा हात जोडून उभा राहतो. तो मान तिला दुसऱ्या कुठल्या वाटेनं मिळाला असता? मला तरी उत्तर सापडत नाही. म्हणूनच कितीतरी जणींना जट नकोही असते आणि सोडवतही नाही.

त्या मानाची किंमत मात्र रोज मोजावी लागते. मान आणि पाठ दुखते, उताणं झोपता येत नाही, डोकं धुतलं की जट आत ओलीच राहते, वास येतो, खाज, जखमा, किडे. आणि डॉक्टरकडे गेलं तर ते कापायला सांगतील ही भीती वेगळीच.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची माणसं वर्षानुवर्षं जटा काढायचं काम करतात. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी शेकडो बायकांच्या जटा सोडवल्यात. यात कात्री चालवायला फार वेळ लागत नाही, वेळ लागतो तो आधीच्या बोलण्याला. बाईशी बोलायचं, नवऱ्याशी, सासूशी, परत जायचं, कधीकधी महिने जातात, आणि सगळं जमल्यावर ऐनवेळी कुणीतरी घाबरवतं. तिचा होकार नसताना केसाला हात लावायचा नाही, हे मला या कामातलं सगळ्यात मोठं वाटतं.

का ते जमैकात दिसतं. तिथं 1930 नंतर रास्ताफारी या धर्मपंथाच्या लोकांनी बायबलमधल्या, केस न कापण्याच्या नाझीर व्रताचा आधार घेऊन जटा राखल्या, गोऱ्यांच्या राज्यात काळ्या माणसाचे केस जसे आहेत तसे अभिमानानं वागवायचे म्हणून. 1963 मध्ये कोरल गार्डन्स इथल्या हिंसक घटनेनंतर पोलिसांनी त्यांना धरून मारलं, त्यांच्या जटा जबरदस्तीनं कापल्या, आणि सरकारनं माफी मागितली ती थेट 2017 मध्ये. तिथं जुलूम कापण्यात होता, आपल्याकडे तो कापू न देण्यात आहे.

जट काढली म्हणून देवी सुटतेच असं नाही. नंतरही कुणी परडी घेऊन डोंगरावर जाऊ शकते, भंडारा लावू शकते, त्यात कुणाला अडचण असायचं कारण नाही. आणि तुमच्या घरात, वाड्यावस्तीवर एखाद्या पोरीच्या केसात गुंता दिसला तर देवऋष्याकडे नेऊ नका, भरपूर तेल घाला, जाड दाताची फणी घ्या आणि खालच्या टोकाकडनं हळूहळू सोडवत वर या, सुरुवातीला तो सुटतो. फार घट्ट झाला असेल तर तेवढाच भाग कापा, पण आधी तिच्याशी बोला.