बुलेटचे मागचे चाक

सकाळी नऊच्या सुमारास कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एकामागून एक लेथ मशीन सुरू होतात आणि कापल्या जाणाऱ्या लोखंडाचा वास गल्लीत पसरतो. याच गल्लीतल्या एका लहान गॅरेजमध्ये एक जुनी बुलेट ३५० मधल्या स्टँडवर उभी आहे. टाकीला नवा रंग दिलेला आहे, हँडल बदललेले आहे आणि मागचे चाक काढून भिंतीला टेकवून ठेवले आहे. मालकांची इच्छा साधी आहे. मागून पाहताना गाडी भरदार दिसावी, म्हणून त्यांना मागे रुंद टायर हवा आहे.

मिस्त्री त्यांना टायरचे माप विचारतच नाहीत. व्हर्निअर कॅलिपर घेऊन ते गाडीच्या मागे उकिडवे बसतात आणि मागचे चाक धरून ठेवणाऱ्या स्विंग आर्मच्या दोन दांड्यांमधले अंतर मोजतात, मग गाडीच्या मध्यरेषेपासून चेनच्या आतल्या कडेपर्यंतचे, आणि शेवटी मडगार्डच्या आतली रुंदी. तिन्ही आकडे खडूने फरशीवर लिहून झाल्यावर ते एवढेच सांगतात, ‘‘टायर शेवटी घ्या, साहेब. आधी जागा, मग रिम, मग टायर.’’ बहुतेक लोक नेमके उलट्या क्रमाने जातात. दुकानात टांगलेला रुंद टायर मनात भरतो, तो विकत घेतला जातो आणि मग त्याच्यासाठी गाडीत जागा शोधण्याची वेळ येते.

या बुलेटला कंपनीने मागे ३.२५-१९ मापाचा टायर दिला होता. यातला पहिला आकडा टायरच्या रुंदीचा आणि दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. या जुन्या पद्धतीत टायरची उंची, म्हणजे रिमपासून टायरच्या पाठीपर्यंतचे अंतर, साधारण त्याच्या रुंदीइतकीच धरतात, त्यामुळे संपूर्ण चाकाचा व्यास सुमारे ६४८ मिलिमीटर भरतो. नव्या पद्धतीच्या टायरवर १२०/८०-१८ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ १२० मिलिमीटर रुंदी, त्या रुंदीच्या ८० टक्के म्हणजे ९६ मिलिमीटर उंची, आणि १८ इंचांची रिम. हिशेब मांडला तर या चाकाचा व्यास सुमारे ६४९ मिलिमीटर येतो. म्हणजे रिम एक इंच लहान आणि टायर जवळजवळ दीडपट रुंद घेऊनही चाक मुळाइतकेच उंच राहते, आणि गाडीची ठेवण किंवा वेगाशी जुळलेले गिअरचे गणित यांना धक्का लागत नाही. मला हा हिशेब फार आवडतो, कारण गाडी बदलूनही तिची मूळ मापे किती सांभाळता येतात ते तो दाखवतो.

अडचण येते ती रुंदीची. ३.२५ इंच म्हणजे सुमारे ८२ मिलिमीटर, आणि तिथे १२० मिलिमीटरचा टायर बसवायचा म्हटले की दोन्ही बाजूंना प्रत्येकी जवळपास १९ मिलिमीटरची जास्त जागा लागते. चेन नसलेल्या बाजूला ती सहसा मिळते. चेनच्या बाजूला मात्र टायरची कड चेनच्या इतकी जवळ जाते की मधून बोटही जात नाही. येथे काही गॅरेजांत एक सोपी पळवाट काढली जाते. चाकाच्या तारा (स्पोक) एका बाजूने जास्त ओढून संपूर्ण रिमच चेनपासून दूर सरकवतात. टायर मोकळा फिरू लागतो, पण मागचे चाक पुढच्या चाकाच्या रेषेतून बाहेर जाते आणि गाडी सरळ रस्त्यावरही एका अंगाने ओढू लागते. आमच्या मिस्त्रींनी तो मार्ग घेतला नाही. समोरच्या लेथवर त्यांनी मागच्या स्प्रॉकेटसाठी, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चकतीसाठी, काही मिलिमीटर जाडीचा स्पेसर (अंतर राखणारी कडी) करून घेतला आणि इंजिनाकडचे स्प्रॉकेटही तेवढेच बाहेर आणले, म्हणजे चेन दोन्हीकडे एकाच रेषेत राहिली. चेनचे कव्हर नव्याने वाकवावे लागले आणि मडगार्डही आतून रुंद करून घ्यावे लागले. टायर आणि चेन यांच्यात निदान ५ मिलिमीटर मोकळी जागा राहिल्याशिवाय गाडी बाहेर सोडायची नाही, हा या गॅरेजचा नियम आहे.

रिमच्या रुंदीबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. जुन्या बुलेटच्या रिमवर डब्ल्यूएम २ अशी खूण असते आणि तिचा अर्थ १.८५ इंच रुंदी. ३.२५ च्या टायरला ती शोभते, पण १२० च्या टायरला त्याहून रुंद, साधारण २.५० इंचांची रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात, पाठ फुग्यासारखी गोल होते आणि रस्त्याला फक्त मधली पट्टी टेकते. दिसायला टायर रुंद असतो आणि पकड मात्र मिळत नाही. हे मी स्वतः भोगले आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी माझ्या गाडीच्या मूळ रिमवर १३० चा टायर चढवून घेतला होता. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना प्रत्येक वळणावर मागचा भाग पाण्यातल्या नावेसारखा डोलत होता. त्या दिवशी मी पूर्ण घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो आणि खाली वैभववाडीत पोहोचल्यावर बराच वेळ गाडीशेजारी नुसता उभा राहिलो. कंपन्या स्वतः रुंद टायर देतात तेव्हा काय करतात ते पाहिले तरी हेच दिसते. रॉयल एनफील्डच्या २०२० मध्ये आलेल्या मिटिओर ३५० ला आणि २०२२ मधल्या हंटर ३५० च्या मेट्रो प्रकाराला मागे १४०/७०-१७ चा टायर आहे, पण त्यासोबत त्याला साजेशी रुंद रिम आणि त्याच मापाने आखलेला स्विंग आर्मही आहे.

आता चाक बांधण्याचे काम. जुनी रिम कापून काढल्यावर हातात उरतो तो फक्त हब, म्हणजे चाकाचा मधला भाग. रिमचा व्यास एक इंचाने कमी झाल्यामुळे प्रत्येक तार जवळपास अर्धा इंच आखूड लागते, म्हणून ४० तारा नव्या मापाने कापून, त्यांना आटे पाडून आणल्या आहेत. मिस्त्री फरशीवर पोते अंथरून बसतात, हब मांडीत घेतात आणि तारा एकीवरून एक, एकीखालून एक अशा ओवत जातात. पहिला फेरा पूर्ण होईपर्यंत चाक सैल टोपलीसारखे लोंबत असते. तारांच्या टोकांवरचे निपल (लहान नट) हळूहळू आवळत गेल्यावर त्यात जीव येतो. मग चाक स्टँडवर चढते आणि आऊट काढायला, म्हणजे रिमचा वाकडेपणा घालवायला, सुरुवात होते. खडूचा तुकडा एका पट्टीवर स्थिर धरून ते तो फिरत्या रिमजवळ आणतात. जिथे रिम बाहेर आलेली असते तिथे पांढरी रेघ उमटते. त्या जागेच्या बाजूच्या तारा अर्धा आटा सैल, समोरच्या बाजूच्या तेवढ्याच घट्ट, आणि पुन्हा फेरा. हे काम तासभर चालले. शेवटी त्यांनी पान्ह्याने एकेक तार टिचकी मारावी तशी वाजवून पाहिली. ताण सारखा असेल तर सगळ्या तारांचा सूर जवळजवळ एक येतो, आणि सैल तार बद्द वाजते. ते ऐकताना गॅरेजमध्ये कोणी बोलत नव्हते.

टायर चढवण्याआधी आतल्या बाजूने बाहेर आलेली तारांची टोके घासून सपाट केली आणि त्यांवर रबरी पट्टी बसवली. तारांच्या या रिममध्ये निपलच्या छिद्रांतून हवा निघून जाते, त्यामुळे टायरवर ट्यूबलेस लिहिलेले असले तरी आत १८ इंचांची योग्य ट्यूब घालावीच लागते. टायरच्या कडेवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आणि रंगीत ठिपका व्हॉल्व्हजवळ ठेवायचा. कडेवर कोरलेल्या चार आकड्यांतले पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. दुकानात तेवढे वाचायला एक मिनिटही लागत नाही.

पुढचे चाक मूळचेच ठेवले आहे. या बुलेटचा स्पीडोमीटर पुढच्या चाकातून केबलने चालतो, त्यामुळे पुढच्या टायरचा घेर बदलला तर वेगाचा आकडाही खोटा दाखवला जाईल. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले, आणि एबीएसचे गणित चाकांच्या वेगावरच चालते. म्हणून एबीएस असलेल्या गाडीच्या चाकाचा घेर बदलणारे काम हे मिस्त्री हाती घेत नाहीत. ही बुलेट त्या आधीची आहे.

गाडी जमिनीवर आल्यावर मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना दोऱ्या बांधून त्या पुढच्या चाकापर्यंत ताणल्या गेल्या. मागचा टायर रुंद असल्यामुळे दोऱ्या पुढच्या टायरला चिकटत नाहीत. दोन्ही बाजूंची फट सारखी भरली तर चाके एका रेषेत आहेत. उजवीकडे २ मिलिमीटर जास्त निघाले, ॲक्सल सैल करून चेन ॲडजस्टर पाव आटा फिरवले, आणि पुन्हा दोरी.

कागदपत्रांचा विषय येथे टाळता येणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा फेरफार वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य फेरफारासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून या मालकांनी काम सुरू करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांनाही लेखी विचारले. तसे प्रत्येकाने विचारावे, असे माझे मत आहे.

रस्त्यावर गाडी वेगळी वागते. टायर रुंद झाला की कलताना जमिनीला टेकणारा भाग मध्यरेषेपासून दूर सरकतो, आणि तेच वळण त्याच वेगाने घ्यायला गाडी थोडी जास्त कलवावी लागते. मागचे चाक जडही झाले आहे, त्यामुळे सुरुवातीचा जोर किंचित कमी जाणवतो. मालकांना पहिले दोन दिवस गाडी जरा हट्टी वाटली, आणि तिसऱ्या दिवशी हात बसला.

सुमारे दीडशे किलोमीटर चालवून ते परत आले आहेत. नव्या तारा पहिल्या धावेत थोड्या सैल होतातच. मिस्त्री चाक वर उचलून पुन्हा एकेक तार वाजवतात. व्हॉल्व्हपासून सातवी तार बद्द वाजते, ते तिचे निपल पाव आटा आवळतात आणि खडू रिमजवळ धरून चाकाला झोका देतात. चाक बराच वेळ फिरत राहते. खडू रिमला कुठेच लागत नाही.